संबळाचा ठोका शाबूत राहावा म्हणून

भंडारदरा धरणाच्या आसपासच्या गावांत रात्रभर चालणारा सोंगांचा बोहाडा असो की ठाकरांचा कांबडनाच, मुद्रण करायला आता खिशातला मोबाइल किंवा छोटा रेकॉर्डर पुरतो. मुद्रण बहुधा बरं होतं. वाट लागते ती एक्स्पोर्ट करताना.

काय करावं

● मूळ मुद्रण वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच ठेवावं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते. रात्रभराचे आठ तास धरले तर ५ जीबी. साधी वेव्ह फाइल ४ जीबीपुढे जात नाही, म्हणून एकेका सोंगाची वेगळी फाइल करावी. फ्लॅकमध्ये हाच ऐवज बरेचदा निम्म्याच्या आसपास येतो आणि उलगडल्यावर मूळचा एक बिटही हरवलेला नसतो. फ्लॅक २००१पासून फुकट मिळतो. जागा नाही ही सबब पुरे झाली.

● ऐकणारा कशावर ऐकणार ते आधी विचारावं. जीपमधला जुना यूएसबी प्लेयर, पेनड्राइव्हवर चालणारा स्पीकर असेल तर निमूट एमपी३ द्यावा. मोबाइलवर एएसी चालतो, त्याच बिटरेटला बहुधा अधिक स्वच्छही वाजतो. रेंज एका काडीवर आली की ओपस: ९६ केबीपीएसलाही तो गाणं नीट सांभाळतो. पण जुन्या प्लेयरला त्याची ओळख नसते.

● बिटरेट वाद्य पाहून ठरवावा. एमपी३ आवाजाचे बारीक तुकडे पाडतो आणि बचतीतून उरलेला खरखराट त्या तुकड्यात पसरवतो. संबळावर टिपरू पडण्याआधीच्या क्षणभर शांततेत हा खरखराट उघडा पडतो. ठोक्याची धार बोथट होते. टाळ-घुंगरांचे वरचे सूर तर १२८ला बरेचदा १६ किलोहर्ट्झच्या आसपास छाटलेच जातात. म्हणून संबळ, पिपाणी, टाळ असतील तर २५६ किंवा ३२०. नुसत्या आवाजातली जात्यावरची ओवी १२८लाही निभते.

● एकाच माइकवर घेतलेलं गाणं मोनोत काढावं. निम्म्या बिटरेटमध्ये तेवढाच दर्जा मिळतो. दोन्ही कानांत तोच आवाज पाठवून कुणाचं भलं झालंय?

● आवाजाची सर्वांत वरची पातळी शून्याखाली एक डेसिबल ठेवावी. दाबताना शिखरं थोडी वर सरकतात आणि पिपाणी फाटते.

● सगळ्यात गर्दीचा, ढोलताशा एकदम उसळतो तो अर्धा मिनिट आधी काढून हेडफोनवर ऐकावा. सबंध रात्र एक्स्पोर्ट करून मग कपाळाला हात लावण्यापेक्षा बरं.

काय टाळावं

● एमपी३ उघडून, थोडी काटछाट करून पुन्हा एमपी३ काढणं. प्रत्येक फेरीत आणखी काही गळतं. काटछाट मूळ फाइलवरच करावी.

● १२८चा ३२० करणं. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. हे करून ‘एचडी’ म्हणून फिरवणारे महाभाग गावोगावी आहेत.

● व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमधून गाणं पाठवणं. ती सोय बोलण्यासाठी आहे. गाण्याची फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, जशीच्या तशी पोचते.

● एका सोंगातून दुसऱ्यात अखंड वाहणाऱ्या वाजपाचे एमपी३ तुकडे करणं. एमपी३ फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि बऱ्याच प्लेयरवर जोडात ती ठसका लागल्यासारखी ऐकू येते. तिथे फ्लॅक वापरावा किंवा एकच सलग फाइल द्यावी.

● ‘फायनल नवीन २’ अशी नावं. गाव, तारीख, प्रसंग आणि परवानगी असेल तर गाणारणीचं नाव फाइलच्या टॅगमध्ये घालावं.

● यूट्यूबवर चढवलं म्हणून मूळ फाइल पुसणं. यूट्यूब स्वतःही आवाज पुन्हा दाबतो. तिथून उतरवलेलं मूळ नव्हे. एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवावी.