खेळ अनेक, व्यायाम किती?

प्रश्न : वय ४२. क्रिकेट, बॅडमिंटन आणि पोहणे तिन्ही आवडतात. रोज अमृतराव घाटाच्या पायऱ्या चढतो-उतरतो. प्रत्येक खेळासाठी वेगळा व्यायाम करावा का?
– एक वाचक, वाराणसी

उत्तर : हौशी खेळाडूला तशी गरज नसते. जोर लावणे, वळणे, ओढणे, तोल सांभाळणे या हालचाली बहुतेक खेळांत लागतातच. मात्र नुसत्या पायऱ्या पुरत नाहीत. त्यांनी दम वाढतो, मांड्या बळकट होतात; खांदे, पाठ आणि पकड मागे राहतात.

ही उणीव जुन्या मराठी तालमींनी ओळखली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले. कुस्तीला पूरक असलेल्या या व्यायामात पकड, पोट, पाठ आणि लवचीकता एकाच खांबावर घडते. इतका सर्वांगीण प्रकार विरळाच, पण तो वस्तादाच्या देखरेखीखालीच शिकावा. घरच्या घरी जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार उत्तम. खांद्यांसाठी काशीच्या आखाड्यांतली मुद्गलांची जोडी फिरवावी, सुरुवात हलक्या जोडीने.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. पायऱ्या आणि खेळ पहिल्या हिशेबात धरता येतात. दुसऱ्यासाठी जोर-बैठकांचे दोन दिवस ठेवले की झाले.

घाट उतरताना गुडघ्यांवर ताण अधिक येतो, म्हणून वेग कमी ठेवावा. शेवाळलेल्या पायऱ्या टाळाव्यात. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर व्यायाम लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.