आपल्या ओठांचे माऊथपीस

विद्यालयाच्या बँडखोलीत, मोठ्या ढोलामागे, एक लाकडी पेटी आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वाद्यपथकात होते त्यांना ती निश्चित आठवत असेल. मोडक्या टिपऱ्या, व्हॉल्व्हच्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या आणि फाटलेली स्वरलिपी यांच्याखाली, पेटीच्या तळाशी, वर्षानुवर्षे जमा झालेली माऊथपीस पडलेली असत. सरावाची घंटा झाली की मुले पेटीत हात घालीत, हाताला येईल ते माऊथपीस ट्रम्पेटला लावीत आणि रांगेत उभी राहत. मी इतिहासाचा शिक्षक. पथकाची जबाबदारी माझ्याकडे आली ती संगीत येते म्हणून नव्हे, तर दुसरे कोणी नव्हते म्हणून. वाद्याच्या टोकाला लावायचा तो चकचकीत तुकडा म्हणजे नळाच्या तोटीसारखी वस्तू. एक हरवली तर दुसरी लावावी, असा माझा प्रामाणिक समज होता. या समजाची किंमत एका विद्यार्थ्याने दोन वर्षे मोजली.

तो तेव्हा आठवीत होता. ओठ भरदार, वरचे पुढचे दोन दात किंचित पुढे आलेले. ट्रम्पेट वाजवण्याची त्याला विलक्षण ओढ होती. पण त्याच्या फुंकरीतून स्वराऐवजी घुसमटलेली हवा निघे. शिकवायला येणाऱ्या बँडमास्तरांनी आठवडाभर पाहिले आणि निर्णय दिला, "सर, याच्या ओठांची ठेवणच ट्रम्पेटची नाही. याला साइड ड्रम द्या." मी मान डोलावली. माणसाच्या शरीराकडे पाहून त्याची पात्रता ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध वर्गात तासन्‌तास बोलणारा मी, बँडखोलीत मात्र तेच वाक्य निमूटपणे ऐकून घेतले.

दोन वर्षांनी लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या पुतण्याला भेटायला वसतिगृहात आले. सराव पाहत असताना त्यांनी सहज या मुलाला ट्रम्पेट फुंकायला लावले. नंतर त्याच्या ओठांकडे न पाहता त्यांनी माऊथपीस काढले, उजेडात धरले, बोटाने आतली खोली चाचपली आणि म्हणाले, "गुरुजी, ही उथळ वाटी आहे. पोराचा ओठ तळाला टेकतोय. वाजणार कसा?" त्यांनी पेटी उपडी केली, त्यातून एक रुंद आणि खोल माऊथपीस निवडले, पुसून मुलाच्या हाती दिले. पाचव्या-सहाव्या फुंकरीला खालचा सा स्पष्ट उमटला. त्या संध्याकाळी मी ही विद्या शिकायला बसलो. जे समजले ते माजी विद्यार्थ्यांसाठी आणि विशेषतः पालकांसाठी येथे मांडतो आहे.

बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते. माऊथपीस जेमतेम नऊ सेंटिमीटरचे. पण वादकाचे शरीर आणि वाद्य यांची गाठ पडते ती याच नऊ सेंटिमीटरांत. ट्रम्पेटमध्ये सनईसारखी पत्ती नसते. ओठ हीच पत्ती. माऊथपीसच्या कडेच्या आत ओठांचा जेवढा भाग येतो तेवढाच थरथरतो आणि त्या थरथरीतून स्वर जन्मतो. तेव्हा 'चांगले माऊथपीस कोणते' हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. कोणाच्या ओठांसाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

त्याचे भाग ओळखून घ्यावेत. ओठांना टेकते ती कड म्हणजे रिम. आतली वाटी म्हणजे कप. वाटीच्या तळाचे बारीक छिद्र म्हणजे थ्रोट, त्यापुढे रुंदावत जाणारी पोकळी म्हणजे बॅकबोर, आणि वाद्यात शिरणारी निमुळती दांडी म्हणजे शँक. रिमचा आतला व्यास मोठा असेल तर ओठाचा अधिक भाग थरथरतो, स्वर भरदार येतो. मात्र त्यासाठी ओठांच्या स्नायूंत ताकद लागते. व्यास लहान असेल तर श्रम कमी. पण भरदार ओठ त्यात कोंडले जातात. रुंद रिम दाब पसरवते, त्यामुळे दीर्घकाळ वाजवताना आराम मिळतो. अरुंद रिमवर ओठ चपळाईने हलतात, पण ती रुततेही लवकर. खोल वाटीचा स्वर गडद आणि गोल, उथळ वाटीचा झगझगीत. उथळ वाटीने वरचे स्वर सोपे जातात, ही गोष्ट मुलांना फार लवकर कळते. त्याच वाटीने खालचे स्वर पातळ होतात, ही गोष्ट फार उशिरा. थ्रोट आणि बॅकबोर यांचा विचार नवशिक्याने करू नये.

आता क्रमांकांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. माऊथपीसवर '७सी', '३सी' असे कोरलेले असते. ही पद्धत व्हिन्सेंट बाख यांची. १८९० मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेले हे ट्रम्पेटवादक १९१४ मध्ये अमेरिकेत आले आणि १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी माऊथपीस घडवण्यास आरंभ केला. दुरुस्तीला दिलेले त्यांचे स्वतःचे माऊथपीस कारागिराच्या हातून बिघडले आणि मनाजोगे दुसरे मिळेना, म्हणून ते लेथकडे वळले असे सांगितले जाते. बाख यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा, आणि अक्षर ए कडून एफ कडे सरकत जाते तशी वाटी उथळ होत जाते. नव्या ट्रम्पेटबरोबर बहुधा ७सी येते. त्याचा व्यास १६.२० मिलिमीटर आणि ३सीचा १६.३०. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा! पट्टीने मोजता न येणारे हे अंतर ओठांना मात्र तत्काळ कळते.

यामाहाची पद्धत बरोबर याच्या उलट आहे. तेथे आकडा वाढला की व्यास वाढतो आणि ए ही सर्वांत उथळ वाटी. त्यांच्या प्राथमिक वाद्यांबरोबर येणाऱ्या ११बी४ मध्ये ११ हा व्यासाचा निर्देश, बी वाटीच्या खोलीचा आणि ४ रिमच्या घडणीचा. एका पद्धतीचा क्रमांक दुसरीत वाचणारा पालक भलतीच वस्तू घरी आणतो. शिवाय बाजारातील स्वस्त नकलांवरही '७सी' असेच कोरलेले असते आणि दोन नकला एकमेकींशी जुळतीलच असे नाही. आमच्या पेटीतील निम्म्या नगांवर तर कोणताच क्रमांक नव्हता. म्हणून क्रमांक ही केवळ दिशा समजावी. खात्री ओठांनी करावी.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे येथे एका मुलाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९१३ च्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात, नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचा बार उडवला म्हणून, अकरा वर्षांच्या एका काळ्या मुलाला 'कलर्ड वेफ्स होम' या सुधारगृहात धाडण्यात आले. तेथेही एक बँड होता. बँडचे शिक्षक पीटर डेव्हिस यांचा या मुलावर प्रथम विश्वास नव्हता. त्याच्या हाती आधी खंजिरी आली, मग ड्रम, मग ऑल्टो हॉर्न, मग ब्यूगल. आणि शेवटी कॉर्नेट. हा मुलगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. त्या सुधारगृहातील म्हणून जतन केलेल्या कॉर्नेटच्या माऊथपीसवर कानशीने पाडलेल्या खाचा आहेत. कड ओठांवरून निसटू नये म्हणून त्या आपणच पाडल्याचे आर्मस्ट्राँग यांनी पुढे सांगितले. संस्थेने दिलेली वस्तू आपल्या ओठांना जुळत नाही हे त्या वयात त्याला उमगले होते, आणि हाताशी असलेल्या साधनाने त्याने ती आपलीशी केली. आमच्या मुलांनी कानस मात्र हाती घेऊ नये. खडबडीत कड ओठ फाडते.

शँकची जुळणी हा दुर्लक्षित विषय आहे. कॉर्नेटच्या माऊथपीसची दांडी ट्रम्पेटच्या दांडीपेक्षा बारीक असते. ती ट्रम्पेटमध्ये घातली तर फार आत जाते आणि डुलते. वाद्य बेसूर होते आणि दोष मुलाच्या कानाला दिला जातो. आमच्या पेटीत दोन्ही प्रकार एकत्र नांदत होते. योग्य दांडी सुमारे अडीच सेंटिमीटर आत जाऊन घट्ट बसते. हलवून पाहिली तर डगमगत नाही. बळाने बसवण्याचा परिणाम काय होतो याचे एक ऐतिहासिक उदाहरण आहे. तुतनखामनच्या थडग्यात सापडलेल्या दोन तुताऱ्यांना मुळात वेगळे माऊथपीस नव्हतेच. १९३९ मध्ये कैरोहून बीबीसीवर त्यांचा ध्वनी प्रक्षेपित करण्यासाठी आधुनिक माऊथपीस लावण्यात आले, आणि त्या तयारीत चांदीची तुतारी भंगल्याचे संबंधितांनी नंतर सांगितले. तीन हजार वर्षे टिकलेली वस्तू! आपल्याकडे माऊथपीस अडकले की मुले पक्कड घेतात. त्याने नळी पिळवटते. यासाठी माऊथपीस ओढण्याचे स्वतंत्र साधन मिळते, पथकात ते एक असावेच.

प्रत्यक्ष निवड कशी करावी? प्रारंभ मध्यम मापाने करावा. ७सी, ५सी किंवा ३सी यांपैकी जे मिळेल ते. सहा महिने तरी बदलू नये. या काळात जो त्रास होतो तो बहुधा सवय नसल्याचा असतो, माऊथपीसचा नव्हे. त्यानंतरही ओठ वाटीच्या तळाला टेकत असेल, कड ओठांच्या लालसर भागावरच रुतत असेल, किंवा खालचे स्वर सतत अडखळत असतील, तर बदलाचा विचार करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. व्यास तोच ठेवून वाटी बदलावी, किंवा वाटी तीच ठेवून व्यास. दोन्ही एकदम बदलले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हे कळत नाही.

पारखताना ओठ ताजे असावेत. आधी स्वतःच्या जुन्या माऊथपीसवर दहा मिनिटे वाजवावे, मग नवे लावावे. दीर्घ स्वर, हळू आवाजातील सुरुवात, जिभेचा आघात न करता खालच्या स्वरावरून वरच्यावर जाणे आणि शेवटी पाठ असलेली एखादी साधी धून, एवढे पुरे. ऐकणारा दुसरा कोणीतरी असावा आणि कोणते माऊथपीस लावले आहे हे त्याला सांगू नये, कारण वादकाला स्वतःचा स्वर आतून ऐकू येतो तो निराळा असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या दिवसाच्या आनंदावर विश्वास ठेवू नये. नवे माऊथपीस पहिल्या दिवशी नेहमीच चांगले वाटते. दोन आठवड्यांनी विचारावे. अमुक प्रसिद्ध वादक अमुक क्रमांक वापरतो, हे कारण तर मी ऐकूनच घेत नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या मुलांना तीन-तीन तास वाजवावे लागते, तेही उन्हात, चालत. ओठ थकले की वरचा स्वर काढण्यासाठी मुले वाद्य ओठांवर दाबतात. हा दाब रक्तप्रवाह रोखतो, ओठ बधिर होतात, मग अधिक दाब. आर्मस्ट्राँग यांचे ओठ ऐन उमेदीत फाटले होते आणि काही काळ त्यांना वादन थांबवावे लागले होते. ओठांभोवतीच्या स्नायूच्या अशा इजेला १९८२ मध्ये एका स्पॅनिश शल्यविशारदाने 'सॅचमो सिंड्रोम' असे त्यांच्याच टोपणनावावरून नाव दिले. दाबण्याची खोड कोणतेही माऊथपीस बरी करू शकत नाही. म्हणून आम्ही आता मिरवणुकीत ट्रम्पेटवादकांच्या दोन तुकड्या करतो. एक वाजवते तेव्हा दुसरी विसावते.

पालकांना दोन सूचना. ज्या मुलाचे पुढचे कायमचे दात अद्याप आलेले नाहीत त्याला ट्रम्पेटची घाई करू नये. दातांना तारा बसवल्या असतील तर आधी दंतवैद्यांना विचारावे. आणि माऊथपीस हे दात घासण्याच्या ब्रशइतकेच खासगी असावे. कोमट पाणी, साबण आणि बारीक ब्रश यांनी ते आठवड्यातून एकदा आतून धुवावे. चांदीचा मुलामा उडून पितळ उघडे पडले असेल तर ओठांना चुरचुर होते. तेव्हा वेळीच नवे घ्यावे.

एका आजोबांनी मला बँडखोलीच्या दारात विचारले होते, "गुरुजी, दुसऱ्याच्या दारात वाजवायचं आम्ही बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडलं. ते नातवाच्या तोंडी पुन्हा का देता?" प्रश्न योग्य होता आणि मी तो टाळला नाही. त्यांना आत नेऊन बसवले, नातवापुढे पाच माऊथपीस मांडली आणि त्याला आपले निवडायला सांगितले. निवड चालली दीड तास. आजोबा शेवटपर्यंत बसून होते, मधेच एकदा म्हणाले, "तिसरं होतं ते बरं होतं." नातवाने पाचवे घेतले.

ती लाकडी पेटी आता रिकामी केली आहे. प्रत्येक ट्रम्पेटवादकाचे माऊथपीस त्याच्या नावाच्या कापडी पिशवीत असते आणि वहीत क्रमांक, तारीख व बदलाचे कारण यांची नोंद असते. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुनी माऊथपीस पडून असतील त्यांनी ती विद्यालयाकडे अवश्य पाठवावीत. विशेषतः खोल वाटीची आम्हाला हवी आहेत. सोबत एका चिठ्ठीवर ते माऊथपीस आपण किती वर्षे वापरले आणि त्यावर कोणता स्वर अडत असे, एवढे लिहावे.