उंदराचं औषध पोटात गेल्यावर काय होतं?



गहू-हरभऱ्यात उंदरांची बिळं दिसली की आपण झिंक फॉस्फाईडचं आमिष करतो. ते मारतं कसं हे कळलं की आमिषही नीट होतं आणि घरी अपघात झाला तर काय करायचं तेही कळतं.

*पोटातली क्रिया*
ही काळपट पावडर कोरडी असताना टिकून राहते. पोटात गेली की जठरातल्या आम्लाशी क्रिया होऊन फॉस्फिन वायू सुटतो. खरं विष तो वायू. तो रक्तात शोषला जातो आणि पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही. हृदय, फुप्फुस, यकृत यांना इजा होते.
पोटात अन्न आलं की जठर जास्त आम्ल सोडतं. आम्ल जास्त, तर वायूही जास्त.

*आमिष करताना*
१) पहिल्या दिवशी सगळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं.
२) त्यात २-३ दिवस बिनविषारी आमिष ठेवा. उंदीर थोडंच खाऊन वाचला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. सवय लागली की पोटभर खातो. उंदराला उलटी करता येत नाही.
३) मग विषारी आमिष: धान्याचा भरडा ९६ भाग, खाद्यतेल २ भाग, औषध २ भाग. पाणी घालू नका. काठीने कालवा, हातमोजे आणि मास्क वापरा. कागदाच्या पुडीत १० ग्रॅम, बिळाच्या आत.
४) मेलेले उंदीर व उरलेलं आमिष खोल पुरा. कुत्रं-मांजर खाईल.

*माणसाच्या पोटात गेलं तर*
❌ मीठपाणी पाजून उलटी करवू नका. उलटीतून सुटणारा वायू जवळच्यांनाही बाधतो.
❌ लिंबू, चिंच, ताक देऊ नका, ते आंबट आहे. जेवण, दूध, पाणीही नको. ॲसिडिटीचं औषधही स्वतःहून नको, ते डॉक्टर ठरवतील.
✅ लगेच १०८ ला फोन करा. औषधाची पुडी सोबत न्या. "बरं वाटतंय" म्हणून थांबू नका, वायू पोटात पुढेही सुटत राहतो. यावर उतारा नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.
🐄 जनावराने खाल्लं तर चारा-पाणी बंद करून १९६२ ला फोन करा.

*घरात ठेवताना*
जुलै २०२२ मध्ये मुंबईत मालाडला उंदरासाठी विष लावलेला टोमॅटो नजरचुकीने नूडल्समध्ये गेला आणि एका महिलेचा जीव गेला. म्हणून खाण्याच्या वस्तूला औषध लावून स्वयंपाकघरात कधीच ठेवू नका. आमिषाचं भांडं वेगळं, औषध कुलपात.

हा मेसेज घरातल्या बायामाणसांना आणि शेतमजुरांनाही वाचून दाखवा.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी