गुडघ्याच्या फिल्मवरचं वय

सांगलीत लहान मुलांची हाडं बघत मला वीसेक वर्षं झाली. गुडघ्याचा एक्स-रे काचेवर लावला की आईचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, अजून उंची वाढंल का?" त्याचं उत्तर त्या फिल्मवर बऱ्याच अंशी असतं. ते वाचायला शिकताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. हाडाचं वय काढायचं म्हणजे डाव्या हाताचा एक्स-रे, असं आम्हाला शिकवलं. ग्रॉयलिख आणि पाइल यांचा १९५० चा ॲटलास हाताचाच. पण त्याच पाइलबाईंनी होअर यांच्याबरोबर १९५५ मध्ये गुडघ्याचाही ॲटलास काढला, हे मला फार उशिरा कळलं. पायाच्या लांबीतली जवळपास दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वर-खाली होते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक ६ मिलिमीटर. वयात एका वर्षाची चूक झाली, तर दीड सेंटीमीटरचा हिशोब चुकतो. दुखणं गुडघ्याचं असेल आणि निर्णयही गुडघ्याचाच असेल, तर आधी त्याची फिल्म नीट वाचावी.

२. गुडघ्यात हाड बनण्याचा क्रम पाठ असावा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकात हाड बनू लागल्याचा ठिपका बाळ पोटात असतानाच, छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास दिसतो. नडगीचा जन्माच्या आसपास. वाटी मात्र तीन ते सहा वर्षांपर्यंत कूर्चाच असते, म्हणून दोन वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर वाटी "दिसत नाही" तेव्हा आईबापांना घाबरवू नये. पुढे टोकाचा तुकडा रुंदावत हाडाच्या मानेइतका होतो, मग त्याच्या कडा टोपीसारख्या खाली वळतात. शेवटी मुलींमध्ये १४-१५ ला आणि मुलांमध्ये १६-१७ ला टोकाजवळच्या कूर्चेच्या वाढ-पट्ट्या मिटू लागतात. मुली साधारण दोन वर्षं पुढे.

३. एका फिल्मवर "पट्टी मिटली" असं म्हणू नये. मी म्हटलं होतं. पंधरा वर्षांचा कबड्डीपटू, पकड सोडवताना गुडघा पिळवटला आणि आतलं लिगामेंट तुटलं. सुजेमुळे पाय सरळ होईना, तशीच वाकलेल्या गुडघ्याची फिल्म काढली. पट्टी दिसेना. मी वडिलांना सांगून टाकलं, "वाढ संपली, मोठ्या माणसासारखं ऑपरेशन करू." मांडीच्या हाडाची पट्टी सपाट नसते, तिला लाटा असतात, किरण तिरके गेले की वरची लाट खालच्या लाटेवर चढते आणि उघडी पट्टी मिटल्यासारखी भासते. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये कडेच्या कापांवर ती लख्ख उघडी होती. ऑपरेशनचा बेत बदलला, नव्या लिगामेंटसाठीचा हाडातला बोगदा पट्टी टाळून घेतला. वडिलांना बोलावून माझी चूक सांगितली. त्या दिवसापासून समोरची आणि बाजूची, दोन्ही फिल्म बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

उलटी चूकही होते. मिटलेल्या पट्टीची पांढरी रेघ वर्षानुवर्षं राहते. ती उघडी पट्टी नव्हे, नुसती खूण असते.

४. एमआरआय झालाच असेल, तर त्यातूनही वय काढता येतं. २०१८ मध्ये त्यासाठी गुडघ्याचा वेगळा ॲटलास आला. किरणांचा धोका नाही आणि कूर्चाही दिसते. पट्टी मधून मिटायला लागते, कडा शेवटी मिटतात. म्हणून एका कापावर थांबू नये, सगळे काप बघावेत. मिटायला लागलेल्या पट्टीच्या मध्यावर कधी कधी धुरकट सूज दिसते. २०११ मध्ये तिचं वर्णन झालं, त्याआधी तिच्याकडे दुखापत म्हणून बघितलं जाण्याची भीती होती. मात्र निव्वळ वयासाठी एमआरआय काढू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला तो खर्च झेपत नाही.

५. ॲटलासमधली मुलं आपली नाहीत. हाताचा ॲटलास १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या, बहुतेक सुखवस्तू घरांतल्या मुलांवरून बनला. अर्धपोटी वाढलेलं मूल, मुडदूस झालेलं मूल, थायरॉइड कमी असलेलं मूल हाडाने मागे असतं. एकदा एका मुलीच्या फिल्मवर पट्टीला समांतर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या. मोठं आजारपण आलं की वाढ थांबते आणि पुन्हा सुरू होताना अशी रेघ सोडते. मी विचारलं, तर आई म्हणाली, "महिनाभर टायफॉइडनं निपचित होती." म्हणून मी एकच आकडा लिहीत नाही. "साडेदहा ते बारा" असं लिहितो.

६. खेळाच्या संघासाठी "चौदाच्या आत आहे असं लिहून द्या" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. हाड जन्मतारीख सांगत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, मग पालिका-पंचायतीचा आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम लावला आहे.

७. पण दाखल्यावर १ जून असेल, तर थांबावं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख किती जणांची आहे! एक मुलगी आली, मांडीचं हाड मोडून एकावर एक चढून जुळलेलं, डावा पाय ३ सेंटीमीटर आखूड. दाखल्यावर साडेबारा वर्षं, १ जून. गुडघा म्हणत होता, अकरा. मुलींची पायाची वाढ हाडाच्या चौदाव्या वर्षापर्यंत धरतात. दाखल्यावर विसंबून, पाय सारखे करायला उजव्या गुडघ्याच्या दोन्ही पट्ट्या बंद केल्या असत्या, तर चांगला पायच आखूड पडला असता. वडिलांना बाहेर बसवून आईला पाळीचं विचारलं. अजून नव्हती. आजीला जन्माचं विचारलं, तर म्हणाली, "आखाडात झाली, तिच्या थोरल्या भावाचं पहिलीत नाव घातलं त्या साली." भावाच्या दाखल्यावरून मोजलं, तर तिचं वय एक वर्ष खाली आलं.

उजव्या पायाच्या फक्त मांडीच्या हाडाची पट्टी बंद केली. दर सहा महिन्यांनी फिल्म काढतो. परवाच्या फिल्ममध्ये फरक १ सेंटीमीटरवर आलाय, आणि नडगीची पट्टी अजून उघडी आहे.