गाडीत बसवायचा दिव्याचा स्विच

गंगापूर रोड, नाशिक

चि. निखिल यास,

दिवा असलेल्या स्विचला दोन वेगळी मानांकने असतात. एक आतल्या काँटॅक्टचे, म्हणजे किती व्होल्टवर किती अँपिअर ते जोडू-तोडू शकतात याचे. दुसरे दिव्याचे, म्हणजे तो किती व्होल्टवर उजळतो याचे. स्विचच्या अंगावर बहुधा पहिलेच छापलेले असते. दुसरे विचारून घ्यावे लागते.

घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डावरच्या लाल स्विचवर '१६ अँपिअर, २५० व्होल्ट एसी' असे लिहिलेले असते. त्यात सहसा निऑनचा दिवा असतो आणि निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात. हा स्विच गाडीत फॉगलॅम्पसाठी बसवला, तर फॉगलॅम्प लागतील. स्विचमधला दिवा मात्र कधीच लागणार नाही. गाडीसाठी एलईडी किंवा १२ व्होल्टचा फिलामेंट बल्ब असलेलाच स्विच घ्यावा.

गाडीचे व्होल्टेजही आधी पक्के करावे. महिंद्राच्या सातपूर कारखान्यात बनणारी बोलेरो किंवा गिरणाऱ्याहून टोमॅटो घेऊन गंगापूर रोडने येणारा पिकअप १२ व्होल्टवर चालतो. मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर. बंद गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन सुरू झाले, की अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. २४ व्होल्टच्या गाडीत सुमारे २८ पर्यंत. लाल एलईडीला स्वतःला जेमतेम २ व्होल्ट लागतात, उरलेला दाब जोडीचा रेझिस्टर झेलतो. १२ व्होल्टचा स्विच ट्रकमध्ये लावला, तर एलईडीतून दुपटीहून अधिक प्रवाह जातो आणि ती लवकर जळते. उलट, २४ व्होल्टचा दिवा कारमध्ये मंद दिसतो.

काँटॅक्टच्या बाबतीत एसी आणि डीसी यांत गल्लत करू नये. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीत तशी उसंत नसते. १२ व्होल्टवर ठिणगी फारशी टिकत नाही, पण २८ व्होल्टवर टिकते आणि काँटॅक्ट खाते; मोटर किंवा हॉर्नसारखी गुंडाळी असलेल्या भारावर तर अधिकच. म्हणून डीसीसाठी वेगळा दिलेला आकडाच धरावा.

भाराचा हिशोब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. १२ ने भागता सुमारे ९ अँपिअर. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तेव्हा १० अँपिअरचा स्विच काठावरचा ठरतो. २० चा घ्यावा, किंवा रिले वापरावा. रिलेच्या ८५ व ८६ या टोकांमधल्या कॉइलला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो, दिव्यांचा भार ३० व ८७ या टोकांमधून जातो आणि लहान स्विचही वर्षानुवर्षे टिकतो. फ्यूज बॅटरीजवळ आणि वायरला झेपेल एवढाच असावा.

तीन पिनांच्या साध्या स्विचमध्ये एक पिन सप्लायची, एक लोडची, एक अर्थची असते; दिवा लोड आणि अर्थ यांच्यामध्ये असतो. सप्लाय आणि लोड उलटे लागले, तर दिवा कायम पेटलेला राहतो. २० मिलिअँपिअरची एलईडी महिनाभरात सुमारे १४ अँपिअर-तास खाते. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे जड जाते. अर्थ आणि सप्लाय उलटे जोडून स्विच दाबला, तर लोडला प्रवाहच मिळत नाही, एलईडीही उलटी जोडली गेल्याने लागत नाही आणि स्विच खराब असल्याचा भास होतो. पिनांच्या रंगावर विसंबू नये, मीटरने तपासावे.

दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवा लावून पाहावा आणि डीसीचा आकडा पाकिटावर वाचून घ्यावा. ज्या स्विचवर तो आकडाच दिलेला नाही, तो जास्त भारावर थेट लावू नये, रिलेसोबत वापरावा.

काकाचे आशीर्वाद.