संदेष्ट्याच्या विधवेचे देणे
(वाचनपाठ : २ राजे ४:१-७)

ह्या पाठातील बाई कोणाची पत्नी होती, ह्याकडे आमच्या वाचकांनी प्रथम लक्ष द्यावे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गापैकी होता. म्हणजे देवाच्या सेवेचे शिक्षण घेणारा, आणि दोन मुलांचा बाप. आमच्या मंडळ्यांतून जे उपदेशक बायकामुलांसह शिकावयास जातात, त्यांचाच हा प्राचीन बंधु होय. तो मेला, कर्ज मागे राहिले, आणि सावकार मुलांस दास करून नेण्यासाठी आला.

तो देवभीरु होता असे त्याची पत्नी अलीशाला सांगते, व अलीशा ते नाकारीत नाही. तेव्हा कर्जबाजारी झाला तो अधर्मीच, असे जे बंधु सभेत बोलतात त्यांनी जरा थांबावे. कर्ज कशासाठी काढले हे शास्त्र सांगत नाही. त्या शिष्यांची राहणी तर साधीच दिसते. दुष्काळात सर्वांसाठी एकाच हंड्यात रानातला पाला शिजे (४:३८-४१). जागा अपुरी पडली तेव्हा यार्देनकाठी त्यांनी स्वतः लाकडे तोडली. एकाची कुऱ्हाड पाण्यात पडली तेव्हा ती उसनी आहे म्हणून तो ओरडला (६:१-५). देण्याची अशी टोचणी असावी.

मोशेच्या नियमशास्त्राने गरीब बंधूकडून व्याज घेण्याची मनाई केली होती (निर्गम २२:२५), आणि जाते गहाण घेण्याचीही (अनुवाद २४:६). कारण जाते नेले म्हणजे पोटच नेले. तरी मुले दास्यात देण्याची पाळी नहेम्याच्या काळीही लोकांवर येतच होती (नहेम्या ५:५). आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. कर्जापोटी कोणास राबविणे आज गुन्हा आहे, हे गावोगावी सांगितले पाहिजे.

घरात काय आहे, हे अलीशा विचारतो. ती काही लपवीत नाही. थोडेसे तेल आहे एवढेच सांगते. मग दार लावून ती तेल ओतते व मुले भांडी आणून देतात. देणे किती, हे त्या घरात सर्वांस ठाऊक होते. आमचे कित्येक विद्यार्थी बंधु मात्र पत्नीपासून कर्ज लपवितात, आणि ती बिचारी नाताळात मुलांस नवे कपडे उधारीने घेते!

पुष्कळ शिक्षक तेल थांबले तेथे धडा संपवितात. आम्हांस सातवे वचन अधिक महत्त्वाचे वाटते. तेल विकून आधी देणे फेडावे, व उरेल त्यावर मायलेकरांनी निर्वाह करावा, असा तेथे क्रम आहे. आम्ही उलट करितो. खाऊन उरले तर हप्ता देतो, आणि उरत काहीच नाही. हिशेब पाहा. १०,००० रुपये शेकडा ५ दरमहाने काढले, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १८,००० रुपये व्याज जाते, आणि मुद्दल तसेच राहते. तेच बचतगटातून शेकडा २ ने मिळाले तर व्याज ७,२०० होते. मुद्दल थोडेथोडे फेडीत गेल्यास त्याहूनही कमी. म्हणून विद्यावेतन हाती येताच हप्ता वेगळा काढावा, मग मीठमिरची. उरलेल्यात चहासाखर बसत नसेल तर त्या महिन्यात चहा नको.

वर्गात शिक्षकांनी हा प्रश्न अवश्य विचारावा : शेजाऱ्यांनी त्या बाईस पैसे दिले नाहीत, केवळ रिकामी भांडी दिली, तीही दिली नसती तर काय झाले असते?