व्हेंटिलेटरवरची झोप

आटगावच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "वडील न्यूमोनियाने आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. झोपेचं औषध बदलायचं म्हणतात, नवं महाग आहे. घ्यावं का?"

शहापूर-मुरबाडकडचा अत्यवस्थ रुग्ण बहुधा कळवा-ठाण्याला नाहीतर मुंबईला हलवला जातो. घरचे बाहेर बाकावर आणि हाती फक्त औषधांची चिठ्ठी. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घशातली नळी सोसावी म्हणून आधी वेदनाशामक आणि लागेल तेवढी गुंगी देतात. मिडाझोलम स्वस्त, पण बरेच दिवस चाललं की अंगात साठतं; मूत्रपिंडं थकलेली असतील तर जास्तच. मग औषध बंद करूनही माणूस लवकर उठत नाही, उठला की भ्रमात असतो. दुधासारखं पांढरं दिसतं ते प्रोपोफॉल. ते थांबवलं की जाग लवकर येते, पण रक्तदाब उतरतो. डेक्समेडेटोमिडीन चालू असताना हाक मारली तर रुग्ण डोळे उघडतो. नाडी मात्र मंदावू शकते, आणि गाढ झोप हवी असेल तिथे ते एकटं पुरत नाही.

महाग औषधाने जीव हमखास वाचतो, असं नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 4000 रुग्णांच्या स्पाइस-3 चाचणीत डेक्समेडेटोमिडीन आणि नेहमीची औषधं, दोन्हीकडे 90 दिवसांतले मृत्यू सारखेच, 29 टक्क्यांच्या आसपास निघाले. माझ्या मते औषधाच्या नावापेक्षा गुंगी किती खोल, हे महत्त्वाचं. 2000 सालच्या शिकागोतल्या अभ्यासात रोज एकदा औषध थांबवून रुग्णाला जागं केलं, तेव्हा व्हेंटिलेटर साधारण सातऐवजी पाच दिवसांत सुटला.

तेव्हा "बाबा तळमळतात, पूर्ण झोपवा" असा आग्रह धरू नका. बदलाचं कारण विचारा, आज गुंगी कमी करून पाहिली का तेही विचारा. फुफ्फुसं फारच बिघडली असतील किंवा फिट येत असतील, तर डॉक्टर नाही म्हणतील, ते बरोबरच. (मण्यार चावून व्हेंटिलेटरवर आलेल्याच्या पापण्याही विषामुळे हलत नाहीत, पण त्याला ऐकू येत असतं. खाटेशी जपून बोला.)

जाग येताना रुग्ण बरळला तर बाहेरचं काही समजून भगताकडे धावू नका. रुग्णाला वार सांगा, चष्मा द्या, घरच्या आवाजात बोला. आणि रोजची दारू असेल तर लाजेने लपवू नका. ती अचानक सुटली की झटके येऊ शकतात, आणि अशा वेळी मिडाझोलमच्याच जातीचं औषध लागतं. हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.